तळाला गेलेले संघ सरळ बंदच करून टाकावेत का? (बेसबॉल)

ऐरोली_लोकल

मंडळी, प्रश्न बेसबॉलचा आहे पण उत्तर द्यायला बेसबॉल यायलाच पाहिजे असं काही नाही. माझं ऑफिस ऐरोलीला, क्लायंट डेनव्हरचा, कॉल सुरू झाला की पहिली पाच मिनिटं हवापाणी आणि तिथला बेसबॉल संघ रॉकीज हेच दोन विषय, त्यातून मला नाद लागला तो लागलाच. त्यांची संध्याकाळची मॅच आपल्याकडे सकाळी सहा-सव्वासहाला सुरू होते, वर्तकनगरहून निघेपर्यंत चार-पाच इनिंग बघून होतात, पुढचं बसमध्ये मोबाइलवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २०२५ मध्ये कोलोरॅडो रॉकीज १६२ पैकी ४३ मॅच जिंकले आणि ११९ हरले. त्याच्या आधीच्या दोन्ही वर्षांत सुद्धा शंभराच्या वर पराभव. मे महिन्यात तर घरच्या मैदानावर सॅन डिएगोकडून २१-० मार खाल्ला, दुसऱ्या दिवशी मॅच जिंकले आणि जिंकल्याच्या दिवशीच मॅनेजर बड ब्लॅकला काढलं, तेव्हा ४० मॅचमध्ये ७ विजय होते. आणि हे एकटेच नाहीत, २०२४ ला शिकागो व्हाइट सॉक्स १२१ हरले होते, आधुनिक काळातला विक्रम आहे तो.

आमच्या टीममधला एक जण ठाम म्हणतो की असले दोन-चार संघ कायमचे बंद करा, त्यांच्यातले चांगले खेळाडू बाकीच्यांत वाटून टाका, लीगचा दर्जा आपोआप वर जाईल. मला हे मनातून पटत नाही पण वाद घालायला बसलं की मुद्दा सापडत नाही. एवढं हरूनही त्या वर्षी रॉकीजच्या मैदानावर वीस लाखांच्या वर लोक आले, मग तो संघ कोणाला नकोय नक्की? तुमचं काय मत?

घोडबंदरचा_पिचर

मी तुमच्या मित्राच्या बाजूने आहे आणि का ते नीट सांगतो.

तीस संघ, प्रत्येकी २६ खेळाडू, म्हणजे ७८० जण. एवढे त्या दर्जाचे पिचर मिळतच नाहीत हो. सीझनच्या मध्यात दुखापती झाल्या की तळाच्या संघात कोणीही येऊन बॉल टाकतं, आणि त्याच्यावर मोठे संघ आकडे फुगवून घेतात. त्यात मजा काय आहे?

दुसरं पैशाचं. प्रत्येक संघ आपल्या स्थानिक उत्पन्नातले ४८ टक्के एका सामायिक खात्यात टाकतो आणि ते पैसे तीस जणांत सारखे वाटले जातात. म्हणजे न्यूयॉर्क आणि लॉस एंजलिसने कमवायचं आणि छोट्या मालकांनी ते घ्यायचं, बरं घेऊन खेळाडूंवर खर्च केला तर ठीक, तो पण करत नाहीत. २०२५ ला डॉजर्सचा पगाराचा आकडा ३० कोटी डॉलरच्या वर आणि मायामीचा त्याच्या पाव हिस्सा सुद्धा नाही. पिट्सबर्ग १९९३ पासून २०१२ पर्यंत सलग वीस सीझन निम्म्याहून जास्त मॅच हरले, वीस! एक पोरगं जन्माला येऊन कॉलेजात गेलं तेवढ्या काळात.

तिसरं मैदानाचं. २०२५ मध्ये अ‍ॅथलेटिक्स नावाचा संघ सॅक्रामेंटोला मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या दर्जाच्या लीगच्या, चौदा हजारांच्या मैदानावर खेळला आणि टॅम्पा बे वादळात छप्पर उडाल्यामुळे दहा-अकरा हजारांच्या मैदानावर. टॅम्पाचं समजू शकतो, निसर्गापुढे काय करणार, पण अ‍ॅथलेटिक्सचं? ज्या संघाला स्वतःचं घर नाही त्याला मेजर लीग का म्हणायचं? २८ ठेवा, कसदार ठेवा.

वाशी_सेक्टर_१७

पिचर भाऊ, तुमचे आकडे बरोबर आहेत पण हा प्रयोग खरोखर करायला निघाले होते आणि त्यात काय झालं ते कोणी सांगितलं नाही का तुम्हाला? मी लिहितो, लांब होईल, वाचा.

४ नोव्हेंबर २००१ ला वर्ल्ड सिरीज (लीगची अंतिम लढत) संपली, ॲरिझोनाने यांकीजला सातव्या मॅचच्या शेवटच्या इनिंगमध्ये हरवलं, लोक अजून त्याच धुंदीत आणि दोनच दिवसांनी ६ नोव्हेंबरला मालकांची बैठक होऊन २८ विरुद्ध २ मतांनी ठराव झाला की दोन संघ बंद करायचे. कॉन्ट्रॅक्शन म्हणतात तिकडे याला. नावं जाहीर केली नाहीत पण सगळ्यांना माहीत होतं, मिनेसोटा ट्विन्स आणि माँट्रियल एक्सपोज. विरोधातली दोन मतं पण त्यांचीच.

आता बघा गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे ही. ट्विन्स हे काही तळाचे नव्हतेच! आठ वर्षं खराब गेली होती हे खरं, पण २००१ ला ८५ मॅच जिंकून ते आपल्या गटात दुसरे आले होते. त्याच वर्षी जूनच्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) त्यांनी पहिल्या नंबरवर जो मावर नावाचा पोरगा घेतला होता, तिथलाच, सेंट पॉलचा. म्हणजे संघ उभा राहत होता. मग बंद का करायचा? कारण मालक कार्ल पोहलाड यांना सरकारी पैशातून नवीन स्टेडियम हवं होतं, ते मिळेना, आणि संघ चालवण्यापेक्षा लीगकडून रक्कम घेऊन मोकळं होणं त्यांना परवडणार होतं. मैदानावर कोण हरतंय याचा त्या ठरावाशी काडीचा संबंध नव्हता. आणि लीगचे आयुक्त बड सेलिग, त्यांच्या घराण्याकडे तेव्हा शेजारच्याच राज्यातला मिल्वॉकी ब्रुअर्स होता, म्हणजे ट्विन्स गेले असते तर गिऱ्हाईक कुणाचं वाढलं असतं ते तुम्हीच बघा.

वाचवलं कोणी? चाहत्यांच्या मोर्चाने नाही, भाडेकराराने. मेट्रोडोम स्टेडियम ज्या सार्वजनिक मंडळाचं होतं ते कोर्टात गेलं की २००२ चा करार झालाय, संघाने इथे खेळायलाच पाहिजे. हेनेपिन काउंटीचे न्यायाधीश हॅरी क्रम्प यांनी मनाई हुकूम दिला, संघाला सीझन खेळायलाच लावलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बेसबॉल हा नुसता धंदा नाही, समाजाचं त्यात काहीतरी आहे जे पैशात भरून देता येत नाही. वरच्या कोर्टात पण लीगला दाद मिळाली नाही.

आणि २००२ ला काय झालं? ज्या संघाला पुसून टाकायचं ठरलं होतं तो ९४ मॅच जिंकून गटात पहिला आला, प्लेऑफमध्ये ओकलंडला हरवलं, मग एंजल्सकडून हरले, ते एंजल्स पुढे वर्ल्ड सिरीज जिंकले. २००२ ते २०१० मध्ये ट्विन्सने सहा वेळा गट जिंकला. तो सेंट पॉलचा पोरगा २००९ चा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर झाला आणि २०२४ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला. २०१० ला नवीन स्टेडियमही झालं. क्रम्प साहेबांनी तो हुकूम दिला नसता तर यातलं काहीच त्या गावाच्या वाट्याला आलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की संघ हरतोय म्हणून बंद करा असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा, बंद करण्याचे पैसे कोणाला मिळणार आहेत?

ऐरोली_लोकल

बाप रे काका, हे काहीच माहीत नव्हतं. आणि एक्सपोजचं काय झालं मग? त्यांना नाही का कोणी कोर्टात जाऊन वाचवलं?

वाशी_सेक्टर_१७

त्यांची कथा जास्त वाईट आहे. १९९४ ला एक्सपोज ७४ जिंकून ४० हरले होते, सगळ्या बेसबॉलमध्ये सर्वात पुढे, पेद्रो मार्टिनेझ, लॅरी वॉकर सारखे खेळाडू, आणि १२ ऑगस्टला खेळाडूंचा संप झाला. वर्ल्ड सिरीजच रद्द. तो संघ पुढे परवडत नाही म्हणून विकून विकून संपवला. मग २००२ मध्ये मालकाने संघ लीगलाच विकला आणि स्वतः फ्लोरिडा मार्लिन्स घेतला. लीगलाच विकला याचा अर्थ लक्षात घ्या, बाकीचे २९ प्रतिस्पर्धी आता या एका संघाचे मालक. तुमच्या वार्षिक परीक्षेचा पेपर तुमच्याच शेजारच्या बाकावरच्या २९ पोरांनी तपासायचा असा प्रकार.

मॅनेजमेंटला वाटत होतं की आपण लवकरच बंद होणार, तर उद्याचा विचार कशाला करा. जून २००२ ला त्यांनी बार्तोलो कोलोन हा एक पिचर घेण्यासाठी क्लीव्हलंडला जे दिलं त्यात क्लिफ ली, ग्रेडी साइझमोर आणि ब्रँडन फिलिप्स होते. तिघेही पुढे ऑल-स्टार, ली तर साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) जिंकला २००८ ला. उद्या नाहीच म्हटलं की माणूस बियाणं पण विकून खातो. २००३ आणि २००४ ला दर वर्षी घरच्या वीसेक मॅच पोर्तो रिकोला, सान हुआनमध्ये खेळायला लावल्या. २००३ च्या ऑगस्टअखेर प्लेऑफच्या शर्यतीत होते तर सप्टेंबरला बाकीचे सगळे संघ खालून जादा खेळाडू बोलावतात तेवढा खर्च सुद्धा लीगने मंजूर केला नाही.

२९ सप्टेंबर २००४ ला माँट्रियलमध्ये शेवटची मॅच, ३१ हजारांवर लोक आले. २००५ पासून तोच संघ वॉशिंग्टन नॅशनल्स म्हणून खेळतोय, आणि २०१९ ला पहिल्या ५० मॅचमध्ये १९-३१ असूनही वर्ल्ड सिरीज जिंकले. बंद केले असते तर तेही नाही. पण माँट्रियलच्या माणसाला त्याचा काय उपयोग.

नेरुळ_पामबीच

हे वाचून मला पुणे वॉरियर्स आठवले आणि राग आला परत.

नव्या लोकांना माहीत नसेल, २०११ ला पुणे वॉरियर्सच्या घरच्या मॅच पुण्यात नव्हत्याच, आमच्या नेरुळला डी. वाय. पाटीलला होत्या कारण गहुंजेचं स्टेडियम तयार नव्हतं. सहाराने २०१० ला ३७ कोटी डॉलरला घेतलेला संघ, युवराज कॅप्टन, आणि घर नवी मुंबईत. मी स्टेशनवरून चालत गेलो होतो मॅचला, पूर्वेला उतरल्यापासून गालावर रंग लावणारे, भोंगे विकणारे बसलेले आणि त्यांच्याकडे मुंबई इंडियन्सचेच झेंडे वर, पुण्याचे खाली दाबून ठेवलेले, मी मागितल्यावर त्या पोराने शोधून काढून दिला. स्टँडमध्ये माझ्या बाजूला पिंपरीहून आलेलं कुटुंब होतं, एक्सप्रेसवेने आले होते, रात्री परत जायचं होतं आणि आजोबा पण आले होते बरोबर. त्या आजोबांनी माझ्या झेंड्याकडे बघून हात वर केला. सगळ्या स्टेडियममध्ये पुण्याचे असे आम्ही विखुरलेले.

आता सांगा, ज्या संघाला पहिल्या वर्षी स्वतःच्या शहरात खेळायलाच मिळालं नाही तो संघ रुजणार कसा? दुसऱ्या वर्षी तळाला आले, मग मालक आणि बोर्डाचं पैशावरून वाजलं, २०१३ नंतर खेळ खल्लास. कोची तर एका सीझनमध्ये संपली. आणि या सगळ्यात त्या पिंपरीच्या आजोबांना कुणी विचारलं का?

पण माझा खरा मुद्दा डेक्कन चार्जर्सचा आहे. २००८ ला १४ पैकी २ मॅच जिंकून ते सगळ्यात शेवटी होते. तुमच्या मित्राचा नियम लावला असता तर तिथेच टाळं. पुढच्याच वर्षी, २००९ ला, त्याच संघाने साउथ आफ्रिकेत आयपीएल जिंकली, गिलख्रिस्ट कॅप्टन, आपला रोहित त्या संघात. २०१२ ला त्यांचा करार रद्द झाला तो काही हरले म्हणून नाही, मालकांकडे पैशाची अडचण होती म्हणून. आणि बंगलोर बघा ना, २०१७ ला तळाला, २०१९ ला तळाला, आणि २०२५ ला अठराव्या सीझनमध्ये कप. अठरा वर्षं लोक थांबले. तो थांबण्याचा हक्क कोणाकडून काढून घ्यायचा?

घोडबंदरचा_पिचर

नेरुळकर, डेक्कनचं उदाहरण इथे चालणार नाही. आयपीएलमध्ये लिलाव आहे, सगळ्यांना खर्चाची मर्यादा सारखी, एका वर्षात संघ पालटतो. बेसबॉलमध्ये पगाराला वरची मर्यादा नाही, खालची पण नाही. वरच्याला फक्त दंडवजा कर आहे, तो डॉजर्स भरतात आणि पुढे जातात, २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षं तेच जिंकले. तिथे तळाचा संघ तळालाच राहण्याची सोय आहे, ड्राफ्टमध्ये चांगला नंबर मिळतो म्हणून उलट हरण्यात फायदा. आता २०२२ पासून लॉटरी आणलीय ते थांबवायला, पण तरी.

कांगा_लीग_ठाणे

मधला रस्ता आहे ना आणि तो आपल्या मुंबईत १९४८ पासून चालू आहे. कांगा लीग. ए पासून जी पर्यंत डिव्हिजन, खाली आलात तर खालच्या डिव्हिजनला जा, तिथे जिंका आणि वर या. कोणाचा क्लब कोणी बंद करत नाही.

मी ठाण्याहून पहाटेची स्लो पकडून किटबॅग दरवाज्यात उभी धरून जायचो, जुलै-ऑगस्टचा पाऊस, आझाद मैदानावर गवत घोट्याच्या वर, बॉल टप्पा पडला की तिथेच बसतो, कव्हर ड्राइव्ह वगैरे विसरा, उचलून मारल्याशिवाय बाउंड्री नाही. आमचा क्लब एक वर्ष खाली उतरला. त्या सीझनच्या शेवटच्या दोन मॅच मी अजून विसरलो नाही कारण टेबलात वर असलेले क्लब सुद्धा एवढ्या इरेला पेटत नाहीत, आमचा अकरा नंबरचा बॅट्समन तासभर चिखलात उभा राहिला ड्रॉ काढायला. उतरलो तरी पुढच्या जूनला तीच पोरं नेटला हजर, एक-दोन चांगले दुसरीकडे गेले, त्यांच्या जागी अंबरनाथ-बदलापूरचे दोन नवीन आले, त्यातला एक आमच्यापेक्षा सरस निघाला.

युरोपात फुटबॉल असंच चालतं. हरणाऱ्याला शिक्षा पाहिजे हे पिचर भाऊंचं मला मान्य आहे, शंभर टक्के. रॉकीजला पाठवा खाली एक वर्ष, मालक कसा जागा होतो बघा. पण शिक्षा म्हणजे फाशी नाही, परत यायचा रस्ता उघडा पाहिजे.

वाशी_सेक्टर_१७

कांगा भाऊ, मनापासून आवडलं असतं मला, पण तिकडे ते बसतच नाही. खालच्या ट्रिपल-ए मध्ये बरोबर तीस संघ आहेत आणि प्रत्येक जण वरच्या एकेका संघाला जोडलेला, खेळाडू वरच्याच्या कराराचे, पगार वरच्याचा. रॉकीजचा खालचा संघ अल्बुकर्कीला आहे, तो लीग जिंकला तर वर येणार कोण, रॉकीजचेच खेळाडू! शिवाय कोणी शंभर-दीडशे कोटी डॉलर मोजून संघ घेतला तो एका खराब वर्षासाठी खाली जायला मत देईल का, आणि मतं मालकांचीच आहेत. १९२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून बेसबॉलला मक्तेदारी कायद्यातून सूट आहे, त्यामुळे बाहेरून कोणी हलवू पण शकत नाही सहज.

एक जुनी गोष्ट राहिली, ती सांगतो कारण ती पिचर भाऊंच्या २८ च्या मुद्द्याला लागू आहे. १८९९ ला क्लीव्हलंड स्पायडर्स नावाचा संघ २० जिंकला आणि १३४ हरला. आजवर त्यापेक्षा वाईट कोणी नाही. का हरला? कारण त्याच मालकांनी सेंट लुईसचा संघ पण घेतला आणि साय यंगसकट (ज्याच्या नावाचा तो पुरस्कार आहे) सगळे चांगले खेळाडू तिकडे नेले, क्लीव्हलंडमध्ये उरलेसुरले. लोक यायचे बंद झाले तर घरच्या मॅचसुद्धा परगावी नेल्या, बाहेरच्या मैदानांवर शंभराच्या वर हरले बिचारे. मग नॅशनल लीगने १२ चे ८ संघ केले, क्लीव्हलंड, बाल्टिमोर, वॉशिंग्टन, लुईव्हिल गेले. झालं काय, १९०१ ला अमेरिकन लीग मोठी लीग म्हणून उभी राहिली आणि त्या रिकाम्या शहरांपैकी तिघांत जाऊन बसली. संघ कमी करून स्पर्धा कमी करायला गेले आणि समोर आख्खी दुसरी लीग उभी राहिली, कारण माणसं होती तिथेच होती, त्यांना बॉलगेम हवाच होता.

कोपरखैरणे_रेडर

मी बेसबॉल बघत नाही पण थ्रेड सकाळपासून वाचतेय म्हणून लिहिते. सगळे चाहत्यांचं आणि मालकांचं बोलताय, खेळणाऱ्यांचं कोणी बोललं नाही.

माझा मामा कबड्डी खेळायचा, डावा कोपरा. आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीने त्याला खेळाडू म्हणून घेतलं होतं, सकाळी प्रॅक्टिस, दुपारपासून ड्यूटी, सीझनला ऑन ड्यूटी सुट्टी. गावातल्या मैदानात रात्री हॅलोजन लावून मॅच व्हायच्या तेव्हा कंपनीच्या नावाची जर्सी घालून तो आला की आम्ही पोरं त्याच्या मागे. मग वर कोणीतरी ठरवलं की संघ काही जिंकत नाही, खर्च कशाला. नोकरी गेली नाही, ते एक बरं झालं, पण पॅकिंगला टाकलं आणि नाइट शिफ्ट. तो अठ्ठावीसचा होता तेव्हा, अजून चार-पाच वर्षं सहज खेळला असता. त्याच्याहून वाईट म्हणजे त्याच्या पाठचे जे पोरगे त्या संघात जायचं म्हणून खेळत होते त्यांनी खेळच सोडला, कारण खेळून नोकरी लागते हे समोर दिसायचं बंद झालं. मामी अजून म्हणते, हरत होते तर कोच बदलायचा होता. मुंबईत फुटबॉलला पण हेच झालं, महिंद्र युनायटेड तर नॅशनल लीग जिंकलेला संघ होता, २०१० ला बंद केला.

तर माझा प्रश्न, संघ बंद झाला की त्या खालच्या पोरांचं काय होतं तिकडे?

वाशी_सेक्टर_१७

ताई, हा मुद्दा आधीच यायला हवा होता. तिकडे ते खरोखर झालंय, वर नाही, खाली. २०२१ पासून मेजर लीगने जोडलेले मायनर लीगचे संघ १६० वरून १२० केले. चाळीस गावं एका फटक्यात गेली. काहींना दुसऱ्या छोट्या लीगमध्ये जागा मिळाली पण वर जायचा जिना राहिला नाही. ड्राफ्ट ४० फेऱ्यांचा होता तो आता २० फेऱ्यांचा. माइक पियाझा १९८८ ला ६२ व्या फेरीत घेतलेला खेळाडू, हॉल ऑफ फेमला गेला. आजच्या नियमात त्याचं नावच पुकारलं गेलं नसतं.

कोपरखैरणे_रेडर

बासष्टावा! बघा म्हणजे. हेच म्हणायचं होतं मला. तळाचा संघ म्हणजे ज्याला दुसरीकडे कुठे खेळायला मिळत नाही त्याची पहिली संधी असते, जिंकणारा संघ कशाला घेईल नवख्याला. संघ कापा म्हणणारे असं धरून चालतात की चांगले खेळाडू आधीच ठरलेले आहेत, फक्त वाटायचे आहेत. ते त्याच तळाच्या संघात मार खात खात तयार होतात हो.

ऐरोली_लोकल

ताई, हा मुद्दा मला दोन आठवडे सापडत नव्हता. थँक्यू.

रॉकीजबद्दल एक सांगतो, त्यांचं हरणं थोडं त्या जागेचं पण आहे. समुद्रसपाटीपासून ५,२८० फूट, हवा विरळ, कर्व्हबॉल वळतच नाही नीट आणि उंच मारलेला बॉल खाली यायचं नाव घेत नाही. २००२ पासून बॉल दमट खोलीत ठेवतात त्यासाठी. कोणताही चांगला पिचर स्वखुशीने तिथे जायला तयार नसतो. पण १९९३ ला पहिल्या वर्षी तिथे ४४ लाखांवर लोक आले होते, तो विक्रम आजवर कोणी मोडला नाही, आणि २००७ ला शेवटच्या १५ पैकी १४ जिंकून प्लेऑफ गाठली आणि पार वर्ल्ड सिरीजपर्यंत गेले. आमचा क्लायंट त्या ऑक्टोबरबद्दल अजून बोलतो, कॉलवर अजेंडा बाजूला पडतो.

मग पिचर भाऊ, बंद नाही करायचा, खाली पाठवता येत नाही, तर हरणाऱ्या मालकाचं करायचं काय?

घोडबंदरचा_पिचर

ट्विन्सचं वाचून मी दोन संघ कापा हे पुढे रेटत नाही, पण मालकांना फुकट पैसे मिळू देणार नाही हे माझं कायम. माझ्या मते सामायिक खात्यातून पैसे घ्यायचे असतील तर पगारावर कमीत कमी इतका खर्च केलाच पाहिजे अशी खालची मर्यादा पाहिजे. फुटबॉल, बास्केटबॉल, हॉकी तिन्हींना तिकडे आहे. बेसबॉलवालेच राहिलेत. अडचण एवढीच की खालची मर्यादा मागितली की मालक वरची मागतात, आणि खेळाडूंची युनियन वरचीला मरेपर्यंत तयार नाही, १९९४ चा संप त्याच्यावरूनच झाला होता. आताचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो, हा प्रश्न तेव्हा टेबलावर येणारच.

नेरुळ_पामबीच

आणि सलग इतकी वर्षं तळाला राहिलात तर संघ विकायला लागेल असा नियम करा. संघ तोच, मालक दुसरा.

घोडबंदरचा_पिचर

त्याला माझी सही. पण विकत घेणाऱ्याने शहर बदलायचं नाही हे त्यातच लिहून घ्या, नाहीतर ओकलंडसारखं होईल. १९६८ पासून तिथे असलेला अ‍ॅथलेटिक्स संघ, २६ सप्टेंबर २०२४ ला शेवटची मॅच, ४६ हजारांवर लोक, आणि आता सॅक्रामेंटोत दिवस काढतायत लास व्हेगासचं स्टेडियम होईपर्यंत.

वाशी_सेक्टर_१७

ते कलम मालक कधीच मान्य करणार नाहीत, कारण शहर सोडून जाऊ ही धमकी देऊनच नवीन स्टेडियमचे सरकारी पैसे मिळतात. करायचंच तर ग्रीन बे पॅकर्ससारखं करा, अमेरिकन फुटबॉलमधला संघ, लाखभर वस्तीचं गाव आणि पाच लाखांच्या वर भागधारक, कोणी एक मालकच नाही. विकायला कोण काढणार आणि बंद कोण करणार?

कांगा_लीग_ठाणे

म्हणजे क्लबच झाला की तो. आमच्याकडे वार्षिक सभेला ट्रेझररला उभं करून हिशेब विचारतात, तसं रॉकीजच्या मालकाला डेनव्हरच्या लोकांनी विचारायला पाहिजे. त्यांच्याकडे सीझन तिकीटवाल्यांची काही संघटना वगैरे असते का, कोणाला माहीत असेल तर लिहा.